मशीनमध्ये न टाकता येणारा ससा

चिपळूणहून एका आईने विचारलं आहे. मुलगी चार वर्षांची. तिच्याकडे एक ससा आहे, पोट दाबलं की गाणं वाजतं. बुडाला काहीतरी कडक लागतं, बहुतेक पुठ्ठा. लेबलवर पाण्याच्या टबावर फुली मारलेली. कान काळे पडलेत, पावसात कुबट वास मारतो, आणि मुलीला रात्री खोकला येतो म्हणून डॉक्टर म्हणाले, सॉफ्ट टॉइज एक तर धुवा नाही तर घरातून काढा. काढणं शक्य नाही, ती त्याच्याशिवाय झोपत नाही. ड्रायक्लीनला देऊ का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे. नका देऊ.

डोंबिवलीत आमची लाँड्री आहे. सव्वीस वर्षं मी काउंटर आणि डाग काढायचं टेबल दोन्ही सांभाळते. ड्रायक्लीन म्हणजे कोरडं धुणं, असा लोकांचा समज असतो. कपडा भिजतोच, फक्त पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकट घाण विरघळवणाऱ्या रासायनिक द्रवात. मोठ्या मशीनवाल्यांकडे पर्क नावाचं सॉल्व्हंट असतं. छोट्या दुकानांत एमटीओ, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं टर्पेंटाइनसारखं तेल. गिऱ्हाईक त्यालाच पेट्रोल वॉश म्हणतं. साडी पातळ असते, वाऱ्यावर टाकली की तिचा वास उडून जातो. सशाच्या पोटातला भराव वीतभर जाड. तिथे शिरलेलं सॉल्व्हंट सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि तोच ससा मुलगी नाकाला लावून झोपणार, त्याचा कान चोखणार. पर्क हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' म्हणून नोंदवलेलं रसायन आहे. वर पोटात थर्माकोलचे मणी असले तर ते सॉल्व्हंटमध्ये विरघळून गोळा होतात आणि डोळे गोंदाने चिकटवलेले असले तर मशीनच्या तळाशी सापडतात. म्हणून लहान मुलांची खेळणी मी ड्रायक्लीनला घेत नाही. गिऱ्हाईक परत पाठवते आणि घरी कसं करायचं ते सांगते. तेच इथे सांगते.

आधी एक समजून घ्या. टबावर फुली असते ती बहुतेक वेळा वरच्या कापडासाठी नसते. वरची फर पॉलिएस्टरची किंवा अॅक्रिलिकची असते, तिला पाण्याचं काही वावडं नाही. वावडं असतं ते पोटातल्या वस्तूंना. त्यामुळे धुवायच्या आधी खेळणं चाचपायला शिका, डॉक्टर बाळाचं पोट चाचपतात तसं. दाबल्यावर लगेच फुगून वर आलं तर रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचा कापूस. हा सर्वात सोपा भराव, पाणी धरून ठेवत नाही. दाबलं तर खड्डा राहतो, गाठी लागतात, हाताला जड वाटतं तर साधा कापूस किंवा शिंप्याकडच्या चिंध्या. जत्रेतल्या खेळण्यांत आणि आजीने शिवलेल्या बाहुल्यांत हेच असतं.  हे सगळं पाणी पितं आणि सोडत नाही. बुडाशी वाळूसारखं सरकलं तर प्लॅस्टिकचे दाणे. तसंच सरकलं पण वजनच नाही, तर थर्माकोल. कुरकुर वाजलं तर आत प्लॅस्टिकचा कागद, बाळाला आवाज आवडतो म्हणून घातलेला. आणि गरम करून शेकायला वापरतात त्या खेळण्यांत किंवा बाळाच्या राईच्या उशीत धान्य असतं, त्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका. एका बाईंनी राईची उशी भिजवून वाळत घातली होती. चौथ्या दिवशी शिवणीतून मोड डोकावत होते.

लेबलवर आयएसआयची खूण असेल. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ती सक्तीची झाली. पण ती खूण सुरक्षिततेची. धुण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथे 'सरफेस वॉश ओन्ली' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, फक्त वरून पुसा.

तुमच्या सशात पुठ्ठा आणि गाण्याची डबी दोन्ही आहे, म्हणजे पाणी आत जाता कामा नये. हे मी अक्कल विकत घेऊन शिकले. धंद्यात नवी होते तेव्हा एक बसलेलं अस्वल आलं. चाचपलं नाही, लेबल वाचलं नाही, गार पाण्यात बुडवलं, कुस्करलं आणि हायड्रोमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमध्ये, पिळून काढलं. वरून झकास दिसत होतं. तीन दिवस पंख्याखाली ठेवून दिलं. आठवड्याने गिऱ्हाईक परत आलं, अस्वलाच्या बुडाखाली पिवळट तपकिरी वर्तुळ आणि दुकानभर वास. उसवून पाहिलं तर पुठ्ठ्याचा लगदा झालेला, त्यावर काळी बुरशी, आणि पुठ्ठ्याचा रंग झिरपत पांढऱ्या फरपर्यंत आलेला. अस्वलाचे पैसे भरून दिले. त्या दिवसापासून नियम एकच: ओलावा कातडीपुरता.

आता काम. पहिली गोष्ट, सेल काढा. डबीचं झाकण स्क्रूचं असतं, बहुतेकदा पाठीला वेल्क्रोच्या खिशात. चपटे बटन सेल असतील तर काढल्या काढल्या उंचावर ठेवा. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, हे मी घाबरवायला सांगत नाही, दुकानात काउंटरवर सेल ठेवून गप्पा मारणारे आईबाप पाहिलेत म्हणून सांगते. साधे पेन्सिल सेल असतील आणि त्यांच्या टोकाला पांढरा भुगा जमला असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पत्री पुसा, मग कोरड्या काडीने. डबी बाहेर निघत असेल तर काढून ठेवा. पोटात शिवलेली असेल तर राहू दे, पण ती कुठे आहे ते बोटाने ओळखून त्यावर सेफ्टी पिनने एक चिंधी लावा, म्हणजे त्या जागी ओला हात कमी फिरेल.

दुसरी गोष्ट, वजन करा. हसू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ससा ठेवा आणि आकडा फ्रीजवर लिहून ठेवा. समजा ३१० ग्रॅम. धुऊन झाल्यावर तो ३५० होईल, ३७० होईल. वरून हात लावून कोरडा लागला तरी काट्यावर ३२५ दिसत असेल तर पंधरा ग्रॅम पाणी अजून पोटात आहे, म्हणजे तीन चमचे. रेक्रॉन हवेतला ओलावा जवळजवळ घेत नाही, त्यामुळे हा हिशोब पावसाळ्यातही चालतो. कापसाच्या भरावाला मात्र चालत नाही, कापूस नुसत्या दमट हवेनेच जड होतो. हा काटा माझ्याकडे अस्वलाच्या प्रकरणानंतर आला.

मग धूळ. मुलीला खोकला आहे, तेव्हा खरं काम इथे आहे, साबणाचं नंतर. आत राहणारे धुळीतले माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, डोळ्यांना दिसत नाहीत, साधारण पाव मिलिमीटरचे असतात. त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाचा होतो. दमट हवेत ते फोफावतात, आणि चिपळूणची आषाढ-श्रावणातली हवा म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. धुता येणारी खेळणी ६० अंशांच्या पाण्यात धुतली की माइट मरतात. तुमचा ससा त्यात जाणार नाही, म्हणून उलट टोकाला जायचं: फ्रीझर. कोरडा ससा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून उणे १८ अंशांना दोन दिवस. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ मिळेलच असं नाही. दोनदारी फ्रीजचा फ्रीझर किंवा ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर बघा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंडगार सशाला आपली दमट हवा लागली की गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं त्याच्या फरला सुटतं. बांधलेल्या पिशवीतच तो तीन-चार तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

फ्रीझरने माइट मरतात, घाण जात नाही. मेलेले माइट आणि ते प्रथिन आतच राहतं, जंतूही मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून नंतर व्हॅक्यूम क्लीनर. तोंडाला जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा रबरबँडने लावा, नाही तर सैल डोळा आत जाईल. कानामागे, बगलेत, मांडीच्या शिवणीत, जिथे फर दाबली गेलीये तिथे सावकाश फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर मुलगी घरात नसताना, तोंडाला मास्क बांधून, गच्चीत नेऊन झटका आणि कपड्याच्या ब्रशने उलट्या दिशेने ब्रश करा. वासासाठी खाण्याचा सोडा. मोठ्या पिशवीत ससा आणि अर्धी वाटी सोडा टाकून दोन मिनिटं हलवा, रात्रभर राहू दे, सकाळी सगळा सोडा व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. सगळा म्हणजे सगळा. उरलेला सोडा ओल्या फडक्याने चिकट होतो आणि हळदीचा डाग असेल तर भलतंच घडतं, ते पुढे सांगते.

आता साबण. एक वाटी कोमट पाणी, त्यात एक छोटा चमचा लोकरीच्या कपड्यांचा लिक्विड साबण, ईझीसारखा. आणि ताक घुसळायची छोटी रवी. फेस असा यायला हवा की वाटी तिरकी केली तरी हलणार नाही. काम त्या फेसाने करायचं, खालच्या पाण्याला हात लावायचा नाही. फेसात पाणी नावापुरतं असतं, तो फरवर उभा राहतो, भरावात उतरत नाही. आमच्याकडे सोफा आणि गालिचे धुणारी मुलं हेच करतात, फक्त त्यांचा फेस मशीनमधून येतो.

रिठा चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालतो, फेस छान येतो, पण त्याचं पाणी तपकिरी असतं आणि पांढऱ्या सशावर पिवळट झाक राहते. गडद खेळण्यांना वापरा. डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा.

सुरुवात नेहमी लपलेल्या जागेवरून, शेपटीखाली. पांढरा ओला रुमाल तिथे घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर तो भाग फेसानेही करू नका, नुसत्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. लाल फेल्टची जीभ आणि गळ्यातली सॅटिनची रिबन, हे दोन नेहमीचे दगाबाज. रिबन सोडवता येत असेल तर सोडवून वेगळी धुवा.

मग एकेक अवयव. एक कान पूर्ण संपवायचा आणि मगच दुसरा. सगळ्या अंगाला एकदम फेस फासला की तुम्ही पुसत असेपर्यंत अर्धा आत गेलेला असतो. बोटांच्या टोकांवर फेस घ्या, फरच्या उलट दिशेने चोळा, मग सुलट दिशेने. कानाची टोकं सर्वात काळी असतील. तो काळेपणा म्हणजे लाळ, हाताचं तेल आणि धूळ यांचा थर, हाताला किंचित कडक लागतो. त्यावर मऊ टूथब्रश, आणि ब्रश दाबायचा नाही, टोकावर नाचवायचा. दोन मिनिटांत पांढरा फेस राखाडी दिसायला लागतो. लगेच पिळलेल्या पंच्याने टिपून घ्या. परत फेस, परत टिपणं. कानाला तीन वेळा लागतील, पोटाला एकदाच. शेवटी साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दोनदा पुसा, कारण राहिलेला साबण धूळ ओढतो आणि तो कान तोंडात जाणार आहे. घरात बोअरचं पाणी असेल तर या शेवटच्या पुसण्याला फिल्टरचं पाणी घ्या. क्षाराच्या पाण्याने फर वाळल्यावर राठ होते आणि लोक साबणाला दोष देतात.

डागांचं थोडक्यात, कारण तुम्ही डागांबद्दल विचारलं नाहीये, पण ससा चार वर्षांच्या मुलीचा आहे म्हणजे असणारच. दूध, उलटी, रक्त यांना गार पाणीच. गरम पाण्याने प्रथिन धाग्यात शिजून बसतं, अंड्यासारखं. बॉलपेन आणि स्केचपेनला कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट, डागाच्या कडेकडून मध्याकडे. मेणखडूला बर्फ लावून कडक करा आणि नखाने खरवडा. नेलपॉलिश सोडून द्या. रिमूव्हरने प्लॅस्टिकचे डोळे धुरकट होतात आणि काही फर विरघळते. त्यापेक्षा तेवढे केस कात्रीने अलगद छाटले तर कळतही नाही. डॉक्टर-डॉक्टर खेळताना बिटाडीन लावलेलं असेल तर रंग नसलेली व्हिटॅमिन सीची गोळी कुटून चमचाभर पाण्यात विरघळवा आणि डागावर टेकवा. तपकिरी रंग डोळ्यांदेखत जातो. हा प्रयोग मुलीला दाखवण्यासारखा आहे.

हळद मात्र वेगळं प्रकरण. वरणभाताचा हात सशाला पुसलेला असतो, आई साबण लावते आणि डाग लालभडक होतो. मग घाबरून फोन येतो. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते यामुळेच. साबण, सोडा दोन्ही अल्कली. लिंबाच्या पाण्याचं बोट लावा, परत पिवळी होते. त्यातलं तेल निघण्यासाठी आधी कॉर्नफ्लोअर दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग फेस. उरलेला पिवळेपणा ऊन खातं. तेवढा डाग उघडा ठेवून बाकी ससा फडक्यात गुंडाळा आणि दुपारचं ऊन द्या, दोन-तीन दिवसांत फिका पडतो. अख्खा ससा उन्हात टाकलात तर डागाबरोबर सशाचाही रंग उडेल.

ब्लीच नको. कुठल्याही खेळण्याला नको. आणि व्हिनेगरबरोबर तर मुळीच नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा उद्योग करणारे लोक आहेत.

वाळवणं. इथे नव्वद टक्के लोक घाई करतात. पुसून झालं की कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. मग भाजीवाल्याकडे मिळते ती कांद्याची जाळी घ्या, स्वच्छ धुऊन त्यात ससा ठेवून पंख्याजवळ टांगा. कानाला चिमटा लावून टांगू नका, कान लांबतो. दर दोन तासांनी फिरवा, डोकं खाली, डोकं वर. एसी असेल तर ड्राय मोड. अर्धवट ओला असताना स्वच्छ टूथब्रशने फर उभी करा. वाळल्यावर हे काम होत नाही, तेव्हा फर गुच्छागुच्छाने चिकटलेली असते. हेअर ड्रायर फक्त थंड हवेचा, वीतभर लांबून. गरम हवेने अॅक्रिलिकची टोकं वितळून कुरळी होतात, आणि जळालेली फर कशानेही सरळ होत नाही. इस्त्रीच्या वाफेचंही तेच. काहीजण तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात, मोबाइलसारखं. तांदळाची भुकटी फरमध्ये बसते आणि पोरकिडे मागोमाग येतात.

काट्यावर ३१०-३१२ दिसेपर्यंत थांबा. चिपळूणला पावसात याला तीन दिवस लागतील, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात एक. खरं सांगू का, अख्खं अंग फेसाने करायचं काम मी तुमच्या जागी असते तर पाऊस संपेपर्यंत पुढे ढकललं असतं. आत्ता फ्रीझर, व्हॅक्यूम आणि फक्त कान एवढंच केलं असतं.

पण वास फेसानंतरही राहिला, ससा वाळल्यावरही पोट दाबलं की कुबट हवा बाहेर येते असं झालं, तर पाणी आधीच कधीतरी आत गेलेलं आहे. अंथरूण ओलं झालं तेव्हा, किंवा पाण्याची बाटली सांडली तेव्हा. त्याला वरून काही उपाय नाही, उसवावं लागतं. घाबरू नका, शिवलेली वस्तू उसवता येते.

कारखान्यात खेळणं उलटं शिवतात, सुलटं करतात, भरतात आणि शेवटची भेग हाताने बंद करतात. ती बहुतेक पाठीच्या मधोमध किंवा शेपटीखाली असते, बोटभर लांबीची, आणि टाके जरा वेगळे, जाडे लागतात. तिथेच उसवा. नवी भेग पाडू नका. भराव बाहेर काढा आणि काढलेल्या भरावाचं वजन करा, तेवढाच नवा लागणार आहे. जास्त भरला तर ससा फुगतो आणि मुलीला तो आपला वाटत नाही. फोमचे तुकडे असतील आणि बोटाने दाबल्यावर पिवळा चुरा होत असेल तर सगळे फेकून द्या. डबी आणि पुठ्ठा बाहेर काढलात की उरते ती नुसती कातडी. तिला गार पाण्यात साबण घालून हाताने खुशाल धुवा, तिला कसलीच भीती नाही. उलटी करून वाळवा. पुठ्ठ्याच्या जागी जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर त्याच मापाने कापून, कोपरे गोल करून घाला, म्हणजे पुढच्या वेळी ती चिंता नाही.

उसवलेलं असतानाच डोळे आतून पाहा. चांगल्या खेळण्यात डोळ्याच्या दांड्याला मागून चकती घट्ट बसवलेली असते. चकती हलत असेल किंवा डोळा नुसता चिकटवलेला असेल तर काढून टाका आणि काळ्या दोऱ्याने डोळा भरा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर हे आधी करा.

रेक्रॉन गादीवाल्याकडे किलोवर मिळतो, तुम्हाला फार तर पाव किलो लागेल. भरताना आधी नाक, पंजे, मग डोकं, शेवटी पोट. छोटे छोटे झुपके, पेन्सिलीच्या बोथट टोकाने ढकलत. मोठा गोळा कोंबला की गाठ होते आणि ती नंतर मोडत नाही. भेग शिवताना दुहेरी दोरा, एकदा या कडेच्या घडीतून, एकदा समोरच्या, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे टाके घेत जा आणि चार-पाच टाके झाले की ओढा. दोरा आत जातो, शिवण दिसत नाही. आणि सुया मोजा. कामाला बसताना किती सुया, पिना काढल्या त्या मोजा, उठताना परत मोजा. एक जरी कमी भरली तरी ससा परत उसवायचा. आमच्या दुकानात या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही, आमच्या आईंचंही नाही.

कपाटात ठेवलेल्या बाकी खेळण्यांबद्दल. त्यांच्यात डांबर गोळ्या टाकू नका. त्यातल्या नॅफ्थलीनने, जी-६-पी-डी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात, आणि अशी कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. कापराच्या वड्याही नकोत, मुलाने तोंडात घातल्या तर फिट येऊ शकते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवलात तर निदान कोणाचं नुकसान नाही. खोकला आहे तोवर पलंगावर एकच खेळणं, बाकी झाकणाच्या डब्यात. फ्रीझरची फेरी महिन्यातून एकदा.

उवांचा प्रश्न शाळा सुरू झाली की येतोच. त्याला धुणं लागत नाही. ऊ माणसाच्या डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. ससा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे माळ्यावर ठेवला की लिखांचीही काळजी मिटली. दोन आठवडे मुलीला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा. एका बाबांनी 'ससा आजोळी गेलाय' म्हणून रोज एक पत्र लिहिलं होतं, नंतर ससा परत आला तरी पत्रं थांबवता येईनात.

राहता राहिली एक अडचण, जी धुण्यात नाही. स्वच्छ ससा हातात दिल्यावर मुलगी म्हणू शकते, हा माझा नाही. दिसायला तोच असला तरी तिला वास ओळखीचा लागत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगते, ससा पूर्ण वाळला की एक रात्र तुमच्या वापरलेल्या ओढणीत किंवा तिच्या उशीच्या न धुतलेल्या अभ्र्यात गुंडाळून ठेवा आणि सकाळी द्या. आणि काम तिच्यासमोर करा, किमान कानाचं. एक कान तिला टिपायला द्या. सेल मात्र ती झोपल्यावर घाला, आणि झाकणाचा स्क्रू बसलाय का ते नखाने हलवून पाहा.